लेकीच्या नावाचं ग्रंथालयाचं कार्ड: माझा अनुभव

लेक चौथीत गेली तेव्हा गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात तिला सभासद करायचं ठरवलं. देवघेवीच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, "दुसरी वर्गणी कशाला भरता दादा? तुमच्याच कार्डावर न्या की तिची पुस्तकं." सल्ला आपुलकीचाच होता. पण घरात एकच कार्ड असलं की मुलांची पुस्तकं आईबापच निवडतात, आणि मला नेमकं तेच नको होतं.

कागदपत्रं फार लागली नाहीत. अर्ज, दोन फोटो, शाळेचं ओळखपत्र, माझ्या आधारकार्डाची प्रत, अनामत आणि वर्गणी. अनामतीची पावती मात्र जपून ठेवा, सभासदत्व बंद करताना ती लागते.

अर्जात पालकाची सही दोन ठिकाणी होती. मग सभासद नक्की कोण, मी की ती? ग्रंथपाल सरांनी नीट उलगडून सांगितलं. 1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीशी केलेला करार टिकत नाही. पुस्तक हरवलं, फाटलं तर भरपाईची हमी सज्ञान माणसानेच द्यावी लागते. सही तेवढ्यासाठी. सभासद तीच, कार्डावर नावही तिचंच.

अनामतीमागचं कारणही तेव्हाच कळलं. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यात तमिळनाडूसारखा ग्रंथालय कर नाही. अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार सरकारी अनुदान मिळतं, बाकीचा भार बराचसा वर्गणी आणि देणग्यांवर. म्हणून अनामत मला खटकली नाही. पण ज्यांना ती झेपत नाही त्यांच्या मुलांचं काय? शिक्षकांच्या हमीवर त्यांना कार्ड द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. सरांनाही ते पटलं.

खरी अडचण पुढे आली. बालसभासदाने फक्त बालविभागातलंच पुस्तक न्यायचं, असा इथला नियम. लेकीला पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक हवं होतं आणि ते मोठ्यांच्या कपाटात होतं. दहा वर्षांच्या मुलीला ते कितपत कळेल हे ती पानं उलटून ठरवेल, कपाटाने का ठरवावं? हा नियम कार्यकारी मंडळाचा, त्यामुळे टेबलावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मंडळाच्या नावे अर्ज दिला. पालकाची लेखी संमती असेल तर माहितीपर पुस्तकं मोठ्यांच्या विभागातूनही द्यावीत, एवढीच विनंती केली. पुढच्या बैठकीत ती मंजूर झाली, आणि सगळ्याच बालसभासदांना लागू झाली.

आता दुसरा अर्ज तयार आहे. बालविभाग दुपारी उघडतो, तेव्हा मुलं शाळेत असतात. तो संध्याकाळी उघडा राहावा म्हणून आम्ही पालक सह्या गोळा करतो आहोत.