तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला ट्यूब अ‍ॅम्प आणि रेडिओवाले आज्जा

"काका, पंधरा हजार जमवलेत. पहिला ट्यूब अ‍ॅम्प कुठला घेऊ?"

वर्षातनं दहा-बारा वेळा तरी हा प्रश्न माझ्याकडं येतो. विचारणारं पोरगं बहुतेक इंजिनिअरिंगचं असतं, कधी खानापूरचं, कधी निपाणीचं. मी उद्यमबागेत लेथवर असतो आणि सुट्टीच्या दिवशी लग्नात, गणपतीत, कॅम्पातल्या एखाद्या कार्यक्रमात, कोण बोलवेल तिथं गिटार वाजवतो. ट्यूब म्हणजे काचेचा व्हॉल्व्ह. गिटारचा आवाज मोठा करणारं जे खोकं ट्रान्झिस्टरऐवजी त्यावर चालतं, तो ट्यूब अ‍ॅम्प. बेळगावात ट्यूब अ‍ॅम्प बाळगणारी माणसं थोडी, म्हणून एकाकडनं दुसऱ्याकडं करत प्रश्न माझ्या दारात येतो. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव पाहिजे असतं. मी आधी विचारतो, "तो बंद पडला तर उघडणार कोण?"

पोरं गप्प होतात. मीही झालो असतो. माझा पहिला अ‍ॅम्प मी गोव्यातनं आणला. तिकडं हॉटेलांत बँड वाजतात, त्यामुळं सामान हातोहात फिरतं. 13 हजाराला पाच वॅटचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) मिळाला. विकणाऱ्यानं त्याचीच गिटार, त्याचीच केबल लावून पाच मिनिटं वाजवून दाखवला, मी पैसे मोजले आणि चोर्ला घाटातनं बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. प्रत्येक वळणाला आत काचेचं काहीतरी कण्हत होतं असं मला वाटायचं. घरी आल्यावर लावला, धूळ जळल्याचा वास आला, जाळीमागं केशरी उजेड पेटला, आणि पहिली तार छेडल्यावर जो आवाज आला त्यासाठी मी आजही ते 13 हजार पुन्हा देईन. बोट हलकं टेकलं तर आवाज स्वच्छ, जरा जोर लावला की कडेनं खरखरीत होत जाणारा. ट्रान्झिस्टरच्या स्वस्त अ‍ॅम्पमध्ये तो काठ एकदम तुटतो. इथं तो उसवत जातो.

तीन महिन्यांनी, ऐन गणपतीत, त्यातनं नुसतं भुर्र यायला लागलं. मग आवाज बसला.

ज्यांच्याकडं नेला ते शहापुरातले रेडिओवाले आज्जा. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि सोल्डरिंग करताना तोंडात दोन्ही. त्यांनी अ‍ॅम्प चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, "ह्याला स्टेशन कुठनं लावायचं?" मागची जाळी काढल्यावर मात्र सूर बदलला. "हे तर आमच्या रेडिओतलं सामान हाय की रे!" खरंच होतं. आत दोनच व्हॉल्व्ह, पुढं गिटारचा बारीक आवाज वाढवणारा 12एएक्स7 आणि मागं स्पीकर हलवणारा पॉवर व्हॉल्व्ह, ईएल84. जुन्या मोठ्या रेडिओत, रेडिओग्राममध्ये स्पीकर हलवायला हाच ईएल84 असायचा. व्हॉक्स कंपनीच्या एसी15 आणि एसी30 या गिटार अ‍ॅम्पमध्येही हाच. आज्जांनी फळीवरनं बिस्किटाचा डबा काढला. त्यात कागदात गुंडाळलेले व्हॉल्व्ह होते, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, रेडिओच्या जमान्यातले.

मग त्यांनी जे केलं ते प्रत्येक पोराला मी उभं राहून करून दाखवतो. प्लग काढलेला होता. तरीही त्यांनी डावा हात पँटच्या खिशात घातला. उजव्या हातात मीटरची काडी, काळी काडी आधीच चिमट्यानं चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला लावलेली. मोठ्या कंडेन्सरवर (हा वीज साठवून ठेवतो) टेकवली, मीटर 280 व्होल्ट दाखवत होता. प्लग काढून ठेवलेल्या वस्तूत! नंतर दोन्ही टोकांना वायर लावलेला एक जाडसा रेझिस्टर त्यांनी कंडेन्सरवर धरला, आकडा उतरत उतरत शून्यावर आला, तेव्हा कुठं डावा हात बाहेर निघाला. एका हातातनं शिरलेला करंट दुसऱ्या हातानं बाहेर पडायला गेला तर वाटेत छाती असते, म्हणून तो हात खिशात. यूट्यूब बघून अ‍ॅम्प उघडणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की उघडू नका.

बिघाड दोन निघाले. व्हॉल्व्हचं सॉकेट थेट पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) बसवलेलं होतं, व्हॉल्व्हच्या उष्णतेनं आणि हलवाहलवीनं तिथला सोल्डरचा डाग तडकला होता. आणि पॉवर सप्लायचा कंडेन्सर वाळला होता, भुर्र त्याचं. आज्जांनी साडेतीनशे रुपये घेतले. व्हॉल्व्ह दोन्ही ठणठणीत होते. मी मात्र वाटेत येताना नव्या व्हॉल्व्हच्या किमती बघून घाम पुसला होता.

त्या दिवसापासून माझं उत्तर ठरलं. पहिला ट्यूब अ‍ॅम्प असा घ्या, की तुमच्या गावातला रेडिओ दुरुस्त करणारा म्हातारा तो उघडून बघेल आणि हसेल. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट उगमातच आहे. गिटार आणि अ‍ॅम्पमध्ये ज्याचं नाव सगळ्यात मोठं, तो लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला गिटार वाजवताही येत नव्हती म्हणतात.

आता पाच वॅटचं. पोरांना पाच हा आकडा ऐकूनच कसंतरी होतं. "काका, पाचमध्ये काय होतंय? पन्नासचा सांगा." इथं कानाचा हिशेब वेगळा आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज 3 डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम कळतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे पाचाचे पन्नास केले तर कुठं दुप्पट. पंधराचा आणि तीसचा शेजारी ठेवले तर फरक तुम्हाला कमी, खिशाला जास्त कळेल. गिटारचा साधारण बरा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर 95 डेसिबलच्या आसपास देतो. पाच वॅटला तो 102 वर जातो. अनगोळातल्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत तेवढ्यावर समोरच्या मावशींनी कूकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडलं होतं. आणि ट्यूबचा तो उसवणारा आवाज पॉवर व्हॉल्व्हला दमवल्याशिवाय पुरता येत नाही. पन्नास वॅटचा घरात दमवताच येणार नाही, त्याचा व्हॉल्यूम दोनवर ठेवून तुम्ही आयुष्यभर झोपलेला वाघ पाळाल.

पाच वॅटचा एका ईएल84 चा (किंवा एका 6व्ही6 चा, फेंडर चॅम्पमध्ये तो असतो) आणखी एक फायदा. हे बहुतेक कॅथोड बायसचे असतात, म्हणजे व्हॉल्व्हमधनं किती करंट वाहायचा ते आपोआप सांभाळलं जातं. व्हॉल्व्ह गेला तर गार झाल्यावर जुना उपसायचा, नवा बसवायचा, संपलं. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये फिक्स्ड बायस असेल तर व्हॉल्व्ह बदलल्यावर बायस पुन्हा लावून घ्यावा लागतो, आणि तो लावणारा माणूस आपल्याकडं शोधत फिरावं लागतं. एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनिअर बंद झालाय, पण जुना मिळाला तर त्यात दोन व्हॉल्व्ह आणि व्हॉल्यूमचं एकच बटण आहे, आज्जांसाठीच बनवल्यासारखा. बुगेराचा व्ही5 पाच वॅटचाच, पण मागं तो एकवर आणि 0.1 वॅटवर उतरवायची सोय आहे. मार्शलचा डीएसएल1 एक वॅटचा. फेंडरचा ब्लूज ज्युनिअर 15 वॅटचा, सुंदर आहे, पण पंधरा हजारात तो मिळाला तर आधी विकणाऱ्याला विचारा की का विकतोय.

फसगत कुठं होते सांगतो. "ट्यूब" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, काचेतनं एक व्हॉल्व्ह केशरी दिसतोय, आणि किंमत निम्मी. त्यात पुढचा एक 12एएक्स7 तेवढा खरा असतो, स्पीकर हलवणारा भाग ट्रान्झिस्टरचा. काहीजण तर व्हॉल्व्हमागं एलईडी लावून ती केशरी झळाळी देतात. असा अ‍ॅम्प वाईट असतोच असं नाही, ऑरेंजचा मायक्रो टेरर याच जातीतला आणि चांगला वाजतो. पण तुम्ही पैसे कशाचे देताय ते माहीत पाहिजे. विचारायचं एकच: पॉवर व्हॉल्व्ह कुठला? ईएल84, 6व्ही6, ईएल34, 6एल6 यातलं काही ऐकू आलं नाही की सावध. (ब्लॅकस्टारचा एचटी-1 आणि मार्शलचा डीएसएल1 अपवाद, तिथं ईसीसी82 हा छोटा व्हॉल्व्ह हे काम करतो.)

अमेरिकेतनं कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा अ‍ॅम्प आणतो, तेव्हा मागची पट्टी वाचा. टिळकवाडीतल्या माझ्या एका मित्रानं 120 व्होल्टचा अ‍ॅम्प आमच्या 230 मध्ये लावला. फ्यूज उडाला म्हणून वाचला. फ्यूजच्या जागी कुणी तार गुंडाळली असती तर ट्रान्सफॉर्मरचा वास आख्ख्या गल्लीत गेला असता. मोटार वाइंडिंगवाल्याकडनं स्टेपडाऊन बांधून घेता येतो, पण तो व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. फक्त 60 हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 वर जास्त तापतो. स्वस्तात मिळाला म्हणून यात पडू नका.

आपल्या विजेचीही सवय करून घ्यावी लागते. वडगाव, खासबागेच्या बाजूला माग चालू असतात, संध्याकाळी व्होल्टेज कसंही नाचतं. व्हॉल्व्हच्या हीटरला (आत तापणाऱ्या तारेला) 6.3 व्होल्ट लागतात. घरात 190 आले तर तिथं सव्वापाचच पोचतात, आवाज मलूल होतो आणि माणूस नवे व्हॉल्व्ह शोधत फिरतो. आधी बोर्डावर मीटर लावून बघा. नव्या व्हॉल्व्हपेक्षा साधा स्टॅबिलायझर बरा. अर्थिंग मात्र नसेल तर अ‍ॅम्प लावूच नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. तिसरी पिन कापलेली असेल, आत काही चिकटलं असेल आणि तुम्ही ओठ माईकला टेकवलात तर झटका ओठांना बसतो. मंडपात मी तो खाल्लाय. गाणं आठवत नाही, चव आठवते.

स्पीकर काढून अ‍ॅम्प चालवू नका, एक मिनिटही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला पलीकडं ओझं लागतं. ते नसलं आणि तुम्ही तार छेडली की आतले व्होल्ट उसळतात, इन्सुलेशन फुटतं, आणि सगळ्यात महागडा तोच भाग असतो. छोट्या कॉम्बोतला स्पीकर 6 किंवा 8 इंचाचा असतो, आवाज डब्यातनं आल्यासारखा. मी सुताराकडनं प्लायचं खोकं करून घेतलं, 12 इंची 8 ओहमचा स्पीकर बसवला आणि मागच्या 8 ओहमच्या जॅकमध्ये जोडला. माझ्या मते पहिल्या अ‍ॅम्पमध्ये यापेक्षा मोठी सुधारणा होत नाही. व्हॉल्व्ह बदलून आवाज "उबदार" करायच्या गप्पा नंतर. आजकाल गिटार अ‍ॅम्पचे बहुतेक व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, त्यामुळं किंमत डॉलरच्या मागं पळते.

तेव्हा पंधरा हजारांतले बाराच अ‍ॅम्पला. उरलेले तीन जादाचा एक ईएल84, एक 12एएक्स7, योग्य मापाचे फ्यूज आणि आज्जांसाठी. हॉस्टेलवर राहत असाल तर अजून दोन वर्षं ट्यूबचं नाव काढू नका. जुना ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आणि आवाज खरखरीत करणारं एक ओव्हरड्राइव्ह पेडल घ्या, पोटभर वाजवा. हे ऐकून पोरं नाराज होतात. होऊ देत.

परवा खानापूरच्या एका पोराचा फोन आला. गोव्यात पाच वॅटचा एक आहे म्हणतो, अकरा हजार. मागच्या पट्टीचा फोटो मागवला, 230 आहे. जाळीतनं ईएल84 दिसतोय. विकणारा म्हणे घाईत आहे. मी पोराला सांगितलं, विकणाऱ्याला म्हणावं अर्धा तास आधीच चालू करून ठेव, गार अ‍ॅम्प बघायला आम्ही येत नाही. व्हॉल्यूम चढवून, गिटार न लावता, नुसता ऐकायचा. मग पेन्सिलच्या रबराकडच्या टोकानं प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारायची. पुढच्या व्हॉल्व्हवर बारीक टक ऐकू आला तर चालतं. घंटेसारखा घुमला किंवा शिट्टी मारायला लागला तर तो गेला, एका व्हॉल्व्हचे पैसे कापून मागायचे. मी त्या पाच मिनिटांत हेच केलं नव्हतं.

"तुम्ही येणार का काका?" म्हणाला.

रविवारी सकाळी चोर्ल्याची बस आहे. तुझी गिटार आणि तुझीच केबल आण म्हटलं. पेन्सिल मी आणतो.