२२ सप्टेंबरचे जोंधळे

२२ सप्टेंबर जवळ आला की अजूनही माझ्या कानात लेझीम वाजू लागतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या रयतच्या शाळेत कर्मवीर जयंती म्हणजे गावाचाच सण. शिंगं रंगवलेल्या बैलांची गाडी, तीत हार घातलेला कर्मवीर अण्णांचा, म्हणजे भाऊराव पाटलांचा फोटो, पुढे लेझीम आणि मागे पोती धरलेले आम्ही. घरागणिक एक मूठ धान्य.

भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, आणि त्या पंगतीला आयाबायांनी दळणातून बाजूला काढलेल्या मुठींचा आधार असायचा. मुष्टिफंड हा शब्द आम्ही तिथूनच शिकलो.

गावाच्या टोकाला एक आजी एकटी राहायची. तिची चूल रोज पेटत नाही हे ठाऊक असल्यानं एका वर्षी आम्ही पोरांनी तिचं दार टाळलं. तिच्यावर दयाच केली असं वाटत होतं. सरांना कळलं. ते रागावले नाहीत. "मागं फिरा, पोतं तिच्यापुढं धरा," एवढंच म्हणाले.

आजी उंबऱ्यातच उभी होती. "माझ्या दारावरनं तसंच गेलासा व्हय रं?" हातातले जोंधळे तिनं पोत्यात सोडले आणि तळवा झटकून शेवटचा दाणाही पाडला. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

दुपारची भाषणं फारशी आठवत नाहीत. पण बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकलं, हे सांगताना आमच्या बाई दरवर्षी त्याच वाक्याशी अडखळायच्या. मग सगळं मैदान गप्प व्हायचं.

त्या व्यासपीठावर बक्षिसं वाटली जायची, गणवेश कधीच नाही. जूनमध्ये शिंपी शाळेत येऊन झाडून सगळ्यांची मापं घ्यायचा. कुणाचे पैसे घरून आले आणि कुणाचे सरांनी भरले, हे फक्त सरांच्या वहीला माहीत. त्या वहीत दोन वर्षं माझंही नाव होतं, हे आईनं मला नोकरी लागल्यावर सांगितलं.

त्या वर्षी रजा काढून मी जयंतीला गावी गेलो. लेझीम वळणावर ऐकू आलं, तेव्हा आईनं सूप भरून दारात ठेवलेलं होतं.