कंदील घासण्याआधी टाकी बघा

कोकणात जुना कंदील सापडण्याच्या जागा ठरलेल्या: माळा, पडवीतली खुंटी, गोठ्याला लागून असलेला मांगर, नाहीतर तालुक्याच्या गावचा भंगारवाला. सापडला रे सापडला की माणसं चिंच-मीठ घेऊन घासायला बसतात. ते काम सगळ्यात शेवटी करायचं. खारी हवा कंदील खालून आणि आतून खाते. तळ गेलेला असेल तर वर कितीही चकाकी आणा, कंदील शोभेचाच राहतो.

म्हणून विकत घेतानाच तो उलटा करा आणि तळाच्या कडेने अंगठा दाबत फिरवा. पत्रा दबला किंवा आत कुरकुरला तर भाव निम्म्यावर आणा. पितळी म्हणून विकत असतील तर लोहचुंबक लावा. चिकटला तर वर नुसता मुलामा आहे. टाकीच्या खांद्यावर आणि वातीच्या चावीवर ठसा शोधा. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ किंवा अमेरिकेचा ‘डीट्झ’ असं काही उमटलेलं दिसलं, तर तिथे सँडपेपर अजिबात चालवायचा नाही.

आता गळती. टाकीतला जुना चिकट साका धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने काढा आणि टाकी कडकडीत वाळवा. मग पाव टाकी रॉकेल भरा, बाहेरून सगळ्या जोडांवर पांढरा खडू घासा आणि कंदील रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी खडूवर जिथे काळपट डाग दिसेल तिथे छिद्र. पाणी भरून बघण्यात अर्थ नाही. ज्या बारीक छिद्रात पाणी अडतं, त्यातून रॉकेल आरामात झिरपतं.

एखादंच छिद्र असेल तर डाख (सोल्डर) लावून घ्या. पण रॉकेलची वाफ राहिलेल्या टाकीला आच दाखवली तर ती फुटते. आधी साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि डाख लावताना छिद्राच्या जरा खालपर्यंत टाकी पाण्याने भरलेली ठेवा. डाखेसाठी वापरलेलं आम्ल नंतर नीट धुतलं नाही तर त्याच जागी पावसाळ्यात पुन्हा गंज धरतो. तळाची चाळणीच झाली असेल तर मोटरसायकलच्या टाकीला आतून लावतात तो इपॉक्सी लेप चालतो. तो पुन्हा निघत नाही, तेव्हा दुर्मिळ कंदिलाला लावू नये. असा कंदील न पेटवता ठेवलेला बरा.

गंजासाठी एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम लिंबूसत्त्व घ्या. दर दोन-तीन तासांनी बाहेर काढून ब्रश मारा. जस्ताचा मुलामा शाबूत असेल तर मात्र आम्ल नको, गंजाबरोबर जस्तही विरघळेल. शेवटचं धुणं गोड्या पाण्याने, शक्य तर पावसाच्या. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरलंत तर जे मीठ काढायचं तेच परत आत घालाल. धुतल्यावर लगेच उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवा, नाहीतर तासाभरात तांबूस थर येतो. सुकल्याबरोबर आतून थोडं रॉकेल फिरवा.

कंदील भकाभका धूर सोडतो तेव्हा लोक वातीला दोष देतात. दोन्ही बाजूंच्या नळ्या बहुतेकांना नुसती चौकट वाटते. बर्नरला लागणारी हवा त्यातूनच खाली येते, आणि माळ्यावर पडलेल्या कंदिलात कुंभारीण माशीने नेमकं तिथेच मातीचं घर केलेलं असतं. माडाचा लांब हीर वरून घाला, ढेकूळ फोडा, फुंकर मारून खाली माती पडते का बघा. दोन्ही नळ्या मोकळ्या हव्यात. एकच असेल तर ज्योत एका बाजूला झुकते आणि काच तिथे तापून तडकते.

पितळी बर्नर एक लिटर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला सोडा खातो. चाळणीची भोकं टाचणीने मोकळी करा. चिंच किंवा आमसुलाचं पाणी पितळेवर पाच मिनिटांहून जास्त ठेवू नका. जास्त राहिलं तर जस्त निघून जातं आणि गुलाबी तांबं वर येतं.

मांगरातून आलेल्या बर्नरवर बारीक उभ्या चिरा असतात, त्या गोठ्यातल्या अमोनियाच्या. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची तबेल्याजवळ साठवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकत, आणि त्याचं कारण 1921 मध्ये पक्कं झालं. ताण राहिलेला पितळी पत्रा, ओल आणि अमोनिया एकत्र आले की हे होतंच. बर्नरची चिरलेली टोपी बदलावी लागते. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणही पितळेजवळ नको.

वात बर्नरची फट मोजूनच घ्या. फटीपेक्षा रुंद वात अडकते, अरुंद वातीची ज्योत एका कडेला पेटते. आमच्याकडच्या दमट हवेत नवी वातही ओल धरते आणि रॉकेल वर चढत नाही, म्हणून आधी इस्त्रीने सुकवा. टोक सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित तासा. टाकी वरून इंचभर रिकामी ठेवून भरा, वीस मिनिटं थांबा, मग पेटवा. पहिली दोन-तीन मिनिटं ज्योत बारीक. नळ्यांतून हवा खेळू लागली की वाढवा. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घालू नका, ते जाड असल्याने वातीत चढत नाही. पेट्रोलचा थेंबही मिसळलेलं रॉकेल सरळ बाहेर टाका.

पावसाळ्यात कंदील ठेवताना टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करून आतून मशीन ऑइल फिरवा. अर्ध्या टाकीच्या मोकळ्या भागात दव धरतं आणि पाणी तळाशी बसतं. काच काढून वेगळी, कागदात गुंडाळून.