मागच्या सीटवरून मुंबई

मुंबईत नोकरी केलेल्या माणसाने गेटवे बघायचा तो पाहुणे आले की, हा जवळपास नियम आहे. एरवी आपला या शहराशी संबंध म्हणजे गाडी कितीची, प्लॅटफॉर्म कुठला आणि दादरला कुठल्या बाजूला उतरायचं, एवढाच. त्यामुळे टोरांटोहून आलेल्या भाचीने गाडी, ड्रायव्हर आणि गाईड यांच्यासकट अर्ध्या दिवसाची खासगी टूर बुक केली आणि ‘मामा, तूही चल ना, मागे जागा आहे’ म्हणाली, तेव्हा मला आधी हसूच आलं. पण जावईबापू कॅनडाचे, आणि त्यांच्या शंकांपुढे माझं ज्ञान आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावरच आटोपलं होतं. गेलो.

गाईड म्हणजे चाळिशीच्या एक बाई. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात ओळखपत्र. जावईबापूंशी अस्खलित इंग्रजी, मला लगेच ‘काका’. आणि मग माझ्या लक्षात आलं की आमच्या एका भाड्यात दोन टुरा चालल्या आहेत. एक इंग्रजीतली, इस्त्री केलेली. दुसरी मराठीतली, जाता जाता माझ्याकडे टाकलेली. जावईबापू दर वेळी भाचीला विचारायचे, बाई काय म्हणाल्या? भाची म्हणायची, काही नाही, ट्रॅफिकचं.

गेटवेपाशी इंग्रजी टूर सांगत होती, की पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११च्या डिसेंबरात इथे उतरले, त्याची ही कमान. जॉर्ज विटेटचं डिझाईन, पिवळसर बेसॉल्टचा दगड, उद्घाटन १९२४ साली. म्हणजे राजा आला तेव्हा ही नव्हतीच, त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवून भागवलं. आणि ब्रिटिशांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीतून बाहेर पडली. मराठी टूर म्हणाली, ‘पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दार बसवलं, काका. आपल्याकडच्या कामांना उगीच नावं ठेवतात लोक.’ समोर घोड्यावर शिवाजी महाराज, १९६१पासून. तिथे मात्र बाई दोन्ही भाषांत एकच बोलल्या, आणि जरा सावकाश बोलल्या.

पुढे काळा घोडा. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा. १९६५ साली तो राणीच्या बागेत गेला, चौकाला नाव तेवढं राहिलं. २०१७ साली नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. हे जावईबापूंना फार आवडलं. मग हुतात्मा चौक आला. इंग्रजीत एकच वाक्य झालं, की हे भाषिक राज्याच्या चळवळीत मेलेल्यांचं स्मारक आहे. आणि लगेच १८६४च्या कारंज्यावरच्या फ्लोरादेवीकडे बोट. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा बाई मागे वळून म्हणाल्या, ‘एकवीस नोव्हेंबर पंचावन्नला माझे आजोबा इथेच होते. गोळीबार झाला तशी पळापळ. घरी आले ते एका पायात चप्पल.’ मी विचारलं, हे यांना का नाही सांगत? ‘सांगते कधीकधी. पण मग संयुक्त महाराष्ट्र म्हणजे काय, द्वैभाषिक म्हणजे काय, मोरारजी कोण, सगळं सांगावं लागतं. तोवर सीएसएमटी येते.’

व्हीटी आलीच. बाई सीएसएमटी हे नवं नावच घेत होत्या, माझ्या तोंडातून मात्र व्हीटीच गेलं. इथे गाडी उभी करता येत नाही, म्हणून ड्रायव्हरदादा आम्हाला सोडून घिरट्या घालायला गेले आणि आम्ही महापालिकेच्या फुटपाथवरून समोर बघत राहिलो. या स्टेशनात मी नोकरीची सगळी वर्षं उतरलो, पण उतरलेला माणूस पुढे बघतो, वर नाही. बाईंनी वर बघायला लावलं. घुमटावर हातात मशाल आणि चाक घेतलेली प्रगतीची मूर्ती. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मग आत नेऊन एका कमानीजवळ उभं केलं आणि म्हणाल्या, ‘शोधा.’ दगडी पानांच्या वेलबुट्टीत एक खार होती. जराशी मान वळवलेली, शेपटी पानामागे गेलेली. कोरीव काम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचं. कोणा पोराने १८८०च्या आसपास ऑर्डरबाहेर मजा म्हणून ती केली असावी, असं आपलं मला वाटलं. स्टेशनाचं डिझाईन करणाऱ्या स्टीव्हन्ससाहेबाचं नाव सगळ्यांना ठाऊक, या पोराचं कोणी लिहून ठेवलेलं नाही. मी त्या खारीपाशी इतका रेंगाळलो, की भाचीने येऊन ‘मामा, चल’ म्हणून हात धरला.

चर्चगेटला साडेअकराचे डबेवाले गाठायचे होते. बाई घड्याळ बघत होत्या, कारण तिथे पाच मिनिटं चुकली की उरतो तो रिकामा फुटपाथ. मिळाले. डब्यावरची रंगीत अक्षरं आणि आकडे बघून जावईबापू खुळावले.

त्यानंतर मरीन ड्राइव्हवरून मणिभवनला जाताना गाडी गिरगावाच्या कडेने गेली, आणि माझ्या मनात सकाळपासून घोळणारी गोष्ट तिथे नीट उमगली. आमचा सगळा रस्ता साहेबाचा होता. तो बोटीतून उतरला ते बंदर, त्याची कचेरी, त्याचं स्टेशन, आणि संध्याकाळी वारा खायची मलबार हिल. सव्वाशे वर्षांपूर्वी बग्गीतून पाहुण्याला फिरवलं असतं तर साधारण असंच फिरवलं असतं. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की उतरायचे ते मणिभवन वाटेवर पडतं म्हणून बरं. गिरगाव, लालबाग, परळ, जिथे ही मुंबई राबली आणि भांडली, त्यातलं गिरगाव तेवढं दोन थांब्यांच्या मध्ये, काचेतून; बाकीचं वाटेवरच नाही. बाईंना म्हटलं तर त्या हसल्या. ‘मी गिरगावातच वाढले, काका. चाळीत नेलं होतं एकदा पाहुण्यांना. आमच्या शेजारच्या काकूंनी चहा, चिवडा, वर आग्रह. दीड तास गेला, मलबार हिल राहिली. कंपनीने मला झापलं.’

हँगिंग गार्डनमध्ये जावईबापूंना बागेपेक्षा बागेखालच्या पाण्याच्या टाकीत जास्त रस. शेवट महालक्ष्मीचा धोबीघाट, पुलावरून. खाली दगडी हौद, दोऱ्यांवर हॉस्पिटलच्या हिरव्या चादरी. फोटो काढताना एका धोब्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि मला तरी खाली बघवेना. लोक काम करताहेत आणि आपण कठड्याला टेकून बघतोय, हे मला त्या टुरीतलं एकमेव न आवडलेलं.

परतताना बाईंनी विचारलं, ‘काका, तुम्ही राहता कुठे?’ डोंबिवली म्हटल्यावर त्या पूर्ण मागे वळल्या. ‘समजा, हे दोघं उद्या डोंबिवली बघायची म्हणाले. काय दाखवाल?’

मी म्हटलं, छे, तिथे काय आहे! आणि मग सुरूच झालो. दिवाळी पहाटेचा फडके रोड, गणपती मंदिर, पाडव्याची स्वागतयात्रा, आणि खरं बघायचं तर सकाळची आठची फास्ट, तीत माणसं चढतात कशी ते. त्यासाठी मात्र मुक्कामाला यावं लागेल. भाची एकेक वाक्य इंग्रजीत करत होती, जावईबापू फोनवर नकाशा उघडून बसले होते.

ड्रायव्हरदादांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. ‘ते सगळं ठीक आहे साहेब. पण स्टेशनजवळ गाडी लावायची कुठे?’