पितळी पाटीवरचं ‘वुइचिक’

कोल्हापुरात माझं पाट्या कोरायचं दुकान आहे. ‘पाटील’ आणि ‘ॲड.’ हे दोन शब्द तर आता हातच कोरतो, डोळ्यांनी बघावं लागत नाही. गेल्या पावसाळ्यात एक पोलिश बाई आल्या, सोबत गांधीनगरचा रिक्षावाला. “मामा, ह्यांस्नी आज्जीचं नाव मराठीत पायजे,” तो म्हणाला.

आजी लहानपणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीत होती. १९४३ ते १९४८ या काळात तिथं पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून ती इराणमार्गे इथवर आली. पुढं फाळणीनंतर त्याच वस्तीत सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर झालं.

बाईंनी कागदावर आजीचं माहेरचं आडनाव लिहून दिलं. मी रोमन अक्षरं बघितली आणि पेन्सिलीनं लिहिलं : वोजसिक. वाचून दाखवताच त्यांनी मान हलवली आणि हळू म्हणून दाखवलं. मी डोळे मिटून ऐकलं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ओ’ हा ‘उ’ निघाला, ‘जे’ हा ‘य’ निघाला आणि शेवटी ‘सि’ नव्हताच, चक्क आपला चिंचेतला ‘चि’. जोर पहिल्या ‘वुइ’वर.

आता लिहायचं कसं? पहिला उच्चार दात ओठाला टेकवून होता, म्हणजे रिवाजाप्रमाणे ‘व्ह’. पण ‘व्हु’ लिहिलं की ‘ह’ ऐकू येतो, आणि तो तिथं नाहीच. म्हणून ‘व’ ठेवला. ‘वुयचिक’ लिहावं तर कुणीही वु-य-चिक असं तोडून वाचेल. ‘सुई’ म्हणताना जीभ जशी झटकन सरकते तसंच हवं होतं. चौथ्या कागदावर ‘वुइचिक’ लिहिलं. त्यांना ‘चाक’ म्हणूनही दाखवलं. त्या उडाल्याच. तो ‘च’ त्यांच्याकडे वेगळा आहे, नुसत्या ‘सी’नं लिहितात, आणि आमच्याकडे दोन्ही ‘च’ एकाच अक्षरात राहतात.

मशीन लावता लावता अर्थ विचारला. ‘वुइत’ म्हणजे गावचा मुख्य, आजही तिकडे ग्रामीण भागाच्या प्रमुखाला तेच म्हणतात. ‘वुइचिक’ म्हणजे त्याचा मुलगा. काही घराण्यांत ते ‘वोइचेख’ या नावाच्या लाडक्या रूपावरूनही आलंय. ‘वुइत’ जर्मन ‘फोग्ट’वरून आला, तो लॅटिन ‘अ‍ॅडव्होकातुस’वरून. म्हणजे आपल्या कोर्टातला ॲडव्होकेट!

माझा हात थांबला. मी भिंतीवरच्या दोन नमुना-पाट्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या, एक ‘पाटील’, एक ‘ॲड.’. अर्थानं पहिली त्यांची, मुळानं दुसरी. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “वळिवड्याला पाटील होता?” गावाला असणारच, मी म्हणालो.

पितळ पॉलिश करून पाटी काउंटरवर ठेवली आणि कामावरच्या पोराला हाक मारली. तो तेवढ्या वेळात चहा आणायला गेला होता, त्यानं काहीच ऐकलं नव्हतं. “वाच रे.”

“वुइचिक,” तो म्हणाला.

बाईंनी मोबाईल काढला. “परत म्हणायला सांगा,” त्या म्हणाल्या, “आईला ऐकवायचंय.”