मिक्सरचा आवाज रिपोर्टात आला तेव्हा

२०११ मध्ये माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. तहान लागली की मलाच विचारायचा, "तुला पाणी हवंय?" मिक्सर लावला की कान दाबून पलंगाखाली शिरायचा. चटणी मी तो झोपल्यावर वाटायचे. सांगलीहून पुण्याला तीन खेपा घातल्यावर रिपोर्ट मिळाला: 'पीडीडी-एनओएस', म्हणजे ठरावीक नावात न बसणारी, विकासातली अडचण. "ऑटिझमची काही लक्षणं आहेत, पण निकष पूर्ण होत नाहीत," डॉक्टर म्हणाले. मिक्सरचं मी दोनदा सांगितलं होतं. तेव्हाच्या निकषांत त्याला जागाच नव्हती, रिपोर्टात ते आलं नाही.

"ऑटिझम नाही ना, मग झालं," सासूबाई म्हणाल्या. मीही तेच धरून बसले आणि थेरपी सात-आठ महिने लांबली. ते अजून सलतं.

२०१४ मध्ये शाळेने नवा रिपोर्ट मागितला. अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात; ती २०१३ मध्ये बदलली होती. १९९४ च्या आवृत्तीतली अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम, पीडीडी-एनओएस ही वेगळी नावं गेली, सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच नावाखाली आलं. आवाज, स्पर्श सहन न होणं हेही निकषांत आलं. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "ताई, कुठल्या आवाजाचा त्रास होतो का त्याला?" मला रडूच फुटलं. निदान झालं: ऑटिझम.

मुलगा तोच होता, मोजणीत मात्र एकाची भर पडली. "हल्ली फारच वाढलंय," असं म्हणत लोक लशीवर, नाहीतर आईवर घसरतात तेव्हा मी डेन्मार्कचं सांगते. तिथे १९८० ते १९९१ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तर वाढीतला सुमारे ६० टक्के वाटा १९९४ मध्ये निकष बदलल्याचा आणि १९९५ पासून बाह्यरुग्णांचीही नोंद घेतल्याचा निघाला. उरलेल्याची कारणं शोधायलाच हवीत, पण आईच्या माथी खापर फोडून नव्हे.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी २०१८ साल उजाडलं. १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच, तो २०१६ च्या कायद्यात आला. सिव्हिलमध्ये 'इसा' ही ऑटिझम मोजण्याची भारतीय चाचणी झाली: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली आलात तर ऑटिझम नाही. दोन रिपोर्टांवर दोन नावं का, हे मला तीन टेबलांवर समजवावं लागलं.

रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंच्या हातात २०१२ चा, माझ्या पहिल्यासारखाच कागद होता. "आमच्या मुलीला ऑटिझम नाही म्हणालेत," त्या म्हणाल्या, "मग आम्ही कुठल्या रांगेत थांबायचं?" मी फाइल उघडून त्यांना माझे दोन्ही रिपोर्ट दाखवले.