कुंडीतला वाफसा

मुलुंडच्या आमच्या घरी नळाला पाणी सकाळी येते, आणि बादल्या भरून झाल्या की प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी घालायचे, हा क्रम मी कित्येक वर्षे न चुकता पाळला. गेल्या जुलैत त्याच शिस्तीपायी घरात शोभेसाठी ठेवलेला झेडझेड प्लांट गेला. पाने पिवळी पडू लागली म्हणून मी पाणी वाढवले, ती आणखी पिवळी पडली. शेवटी कुंडी उलटी केली, तेव्हा बटाट्यासारखे कंद बोटाने दाबताच पिचकले आणि गटारासारखा वास सुटला.

साताऱ्याहून आलेले मामा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "वाफसा आल्याशिवाय आम्ही रानात पाऊल टाकत नाही, आणि तू रोज पाणी ओततेस?"

वाफसा म्हणजे मातीच्या मोठ्या पोकळ्यांतले पाणी निचरून तिथे हवा शिरलेली आहे आणि बारीक पोकळ्यांत मात्र ओल टिकून आहे, अशी अवस्था. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजतात आणि पिथियमसारख्या रोगकारक जीवांचे फावते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीतही झाड तहानल्यासारखे मान टाकते, आणि आपण नेमका तेव्हाच तांब्या उचलतो.

मुंबईच्या पावसाळ्यात हे फार लवकर घडते, कारण ऊन नसते, हवा दमट असल्याने पानांतून पाणी सावकाश उडते आणि कुंडीतली चिकट लाल माती कितीतरी दिवस ओलीच राहते. तळाशी खडे घातले की निचरा होतो, अशी माझीही समजूत होती. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडते आणि मुळांची मोकळी जागा तेवढी कमी होते. त्यापेक्षा कुंडीला भोक असावे, मातीत जाड वाळू किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) मिसळावे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून द्यावे. मी आता बांबूची काडी कुंडीत खोलवर खुपसून पाच मिनिटांनी काढते; तिला ओली माती चिकटली असेल, तर त्या दिवशी पाणी नाही. (घरकामाला येणाऱ्या मावशीही माझ्या नकळत प्रेमाने पाणी घालत होत्या, हे त्या काडीमुळेच उघडकीस आले.)

छाट कलमांची, म्हणजे नवे झाड करण्यासाठी छाटून लावलेल्या फांद्यांची, गत आणखी नाजूक असते, कारण त्यांना मुळेच नसतात. जास्वंदीच्या माझ्या सहा फांद्या बुडाकडून काळ्या पडत गेल्या, आणि त्या मलूल दिसतात म्हणून मी रोज पाणी देत होते. मुळाविना फांदीला माती जेमतेम ओलसर पुरते; खरी गरज पानांभोवतीच्या दमट हवेची असते, आणि ती मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये फुकट मिळते. या वर्षी खालची पाने काढून, पेराच्या किंचित खाली छाटून, चार फांद्या निम्मी वाळू आणि निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा मिश्रणात लावल्या आहेत. दोघींना पालवी फुटली, परंतु फांदीतल्या साठ्यावरही पालवी फुटते, त्यामुळे ती मुळांची खूण नव्हे. काल एक हलकेच ओढून पाहिली, तर ती जागची हलली नाही.